तीन नंबरच्या जागी

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. रक्ताच्या बाटल्या, लघवीच्या बाटल्या, थुंकीच्या डब्या. ज्याचं नाव त्याच्याच बाटलीवर. नव्याने येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगायचो, की रिपोर्ट उशिरा गेला तर शिव्या खाऊ, पण एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एकदा एका शिकाऊ टेक्निशियनकडून दोन बाटल्यांची अदलाबदल झाली. वेळेत सापडली, कुणाचं काही बिघडलं नाही, तरी मी त्याला सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे केलं ते न कळून केलं असं कुणाला वाटायला नको.

माझ्या मुलीने समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचं ठरवलं तेव्हा मी विरोधात होतो. मला वाटे तिने माझ्या लायनीत यावं. एकदा तिच्या मैत्रिणी जेवायला आलेल्या असताना मी सहज बोलून गेलो, "चिखलात हात घालून कुणाचं पोट भरलंय का?" सगळ्या हसल्या. ती हसली नाही. त्यानंतर किती तरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मीठ द्या, दार लावा, एवढंच. एरवी मला 'अरे बाबा' म्हणणारी मुलगी मला 'अहो' म्हणायला लागली होती.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तिच्या कॉलेजात लॅबची दुरुस्ती निघाली आणि तिचे पाच खेकडे आमच्या परळच्या घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत राहायला आले. शिवडीच्या चिखलातले फिडलर क्रॅब. सुपारीपेक्षा थोडे मोठे. मादीचे दोन्ही डेंगे, म्हणजे नांग्या, बारीक, आणि नराचा एक बारीक तर दुसरा एवढा मोठा की वाटावं, हा कुणाकडून तरी मागून आणलाय. आमचं घर मूळचं मालवणी. बायकोने काचेच्या पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "सारात टाकायला पण उपयोग नाही यांचा."

मुलीचा प्रयोग असा होता: समुद्रावर ओहोटी लागली की हे नर बिळाबाहेर येऊन मोठा डेंगा वरखाली हलवतात, मादीला बोलावतात. पेटीत ठेवल्यावर, भरती-ओहोटी दिसत नसताना, ते वेळ कशी पाळतात आणि किती दिवस पाळतात, हे तिला टिपायचं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर तिने नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. वेगळा रंग, वेगळा नंबर. लाल ठिपक्याचा तो तीन नंबर. तो सगळ्यांत आधी बाहेर यायचा आणि सगळ्यांत शेवटी आत जायचा. मी सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलो की काचेपलीकडून तो माझ्याकडे तोंड करून डेंगा हलवायचा. मी पण हात करायचो. बायको म्हणायची, "ऑफिसात कुणाला गुड मॉर्निंग केलं नाही आणि आता बघा."

खरं सांगायचं तर त्या पेटीमुळे आमचं बोलणं परत सुरू झालं. मी विचारायचो, ती सांगायची. हे खेकडे पाण्यात राहतात असं दुकानदारसुद्धा समजतात आणि भरलेल्या टाकीत सोडतात. तिथे ते बुडून मरतात. त्यांना हवा लागते, आणि कल्ले ओले राहण्यापुरतं पाणी लागतं. तेही निम्मं खारं. पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची, एक दिवस उघडं ठेवलेल्या. चिखल वीतभर खोल हवा, म्हणजे बीळ करता येतं. आणि तो चिखल हेच त्यांचं ताट. बारीक डेंग्याने चिमूटभर उचलायचा, त्यातलं खाण्यासारखं असेल ते चाटून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून बाजूला ठेवायची. मादी दोन हातांनी जेवते. नराला एकच हात, म्हणून त्याचं जेवण लांबतं. हे तिने सांगितलं तेव्हा मी मोठ्याने हसलो आणि ती पण हसली. कधी 'अहो'चं पुन्हा 'अरे' झालं ते कळलंही नाही.

श्रावणात तिला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गोव्याला जायचं होतं. पेटी कुणाकडे ठेवायची यावर घरात चर्चा झाली नाही. तिने सरळ एक कागद लिहून माझ्या हातात दिला. "बाबा, तुझ्याएवढं बारीक लक्ष कुणी ठेवणार नाही," ती म्हणाली. "फक्त एक कर. चिखल बदलू नकोस. काळा पडला, वास आला, तरी हात लावायचा नाही. प्रॉमिस?" मी म्हटलं, "प्रॉमिस." मला किती आनंद झाला होता हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता श्रावण. आमच्याकडे वर्षभर मासळीशिवाय घास उतरत नाही, पण श्रावण मी कडक पाळतो. माझे वडील पाळायचे, म्हणून. दीप अमावास्येच्या संध्याकाळी मासळीची भांडी, कढई, विळी माळ्यावर जाते. सुक्या जवळ्याचा डबा तर घराबाहेर, शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाकडे. कागदावर लिहिलं होतं: आठवड्यातून दोनदा चिमूटभर जवळ्याची पूड. मी ती बंद केली आणि भाताची शितं द्यायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, खेकड्यांनापण श्रावण लावलात?" मी म्हटलं, "एक महिना न खाल्ल्याने कोण मरत नाही." शितं तशीच पडून राहायची, आंबायची. चिखलाला आधीच कुजक्या अंड्यासारखा वास होता, त्यात ही भर.

श्रावणातल्या एका रविवारी घरी सत्यनारायण ठेवला होता. चौरंग हॉलमध्ये, गॅलरीला लागूनच. शनिवारी सकाळी मी गॅलरीचं दार उघडलं तर वास थेट आत आला. उद्या मंडळी येणार, प्रसादाच्या शिऱ्याच्या वासात हा वास मिसळणार, आणि पूजेला बसलेला यजमान मी. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात पेटीकडे लक्ष गेलं. तीन नंबर बिळाच्या तोंडाशी पडला होता. पाय आत दुमडलेले. लाल ठिपका वर.

मी काचेवर टिचकी मारली. हलला नाही. चिमट्याने उचलला. अगदी हलका होता. मी तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि तिथेच स्टुलावर बसलो. मग इतक्या वर्षांची सवय जागी झाली: काहीतरी संसर्ग आहे, चिखल दूषित झालाय, बाकीचे चार वाचवायला हवेत. हे मला तेव्हा अगदी पटलं होतं. पण आज कबूल करतो, मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखंही वाटलं होतं. आता चिखल काढायला कारण मिळालं होतं.

बाकीचे चार खेकडे टबात काढले. तळाशी बोटभर खारं पाणी, वर चढून बसायला उपडी वाटी. सगळा चिखल बादलीत भरला, वरून फिनेल ओतलं, तासभर ठेवलं आणि मोरीत सोडून दिला. पेटी घासून लख्ख केली. बायको दारात उभी राहून बघत होती. "तिला फोन करा," ती म्हणाली. मी म्हटलं, "पूजा होऊ दे."

पूजा झाली. कथेत साधुवाण्याने शब्द मोडला आणि त्याचं काय झालं, हे भटजी दरवर्षीप्रमाणे वाचत होते. मी फूल हातात धरून खाली मान घालून बसलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

दुपारी मुलीचा फोन आला. "तीन नंबर काय म्हणतो?" मी म्हटलं, "मजेत. तुला हात करतोय." आणि शुक्रवारी काढून ठेवलेला फोटो पाठवून दिला.

खेकडा मेला, हे मी तिला सांगू शकलो असतो. जीव आहे, मरतो. पण मग तिने विचारलं असतं, चिखल? आणि मला माझं ते जेवताना बोललेलं वाक्य आठवत होतं. तिच्या कामाला मी चिखल म्हणालो होतो, आणि तिने तोच चिखल विश्वासाने माझ्या हवाली केला होता, आणि मी तो फिनेल घालून मोरीत सोडला होता. हे तिला कळलं तर पुन्हा 'अहो' सुरू होईल, याची मला भीती वाटली. त्या वयात मुलीची भीती वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोमवारी ओहोटीची वेळ बघून मी शिवडीला गेलो. दोन डबे, एक खुरपं. पाऊस थांबला होता, चिखल उघडा पडला होता आणि त्यावर शेकडो डेंगे वरखाली होत होते. मी पाऊल टाकलं की सगळे बिळात. थांबलो की परत वर. अर्धा तास हाच खेळ. किनाऱ्याला जाळं दुरुस्त करत बसलेली एक म्हातारी कोळीण माझी गंमत बघत होती. शेवटी ती उठून आली.

"खायला नाय ना नेत? कायपण नाय त्याच्यात."

"नाही मावशी. मुलीचा एक मेला. तसाच पाहिजे. तिला कळायला नको."

"ल्हान हाय पोरगी?"

"तेवीस."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तेवीस वर्साची हाय, मंग सांग ना तिला. एवढ्या चिखलात कशाला लोळतंस?" पण बोलता बोलता तिने एका बिळात तिरपा हात घातला, खालून वाट अडवली आणि खेकडा वर काढला. तिसऱ्या वेळी मला हवा तसा मिळाला. तेवढाच मोठा, तोच रंग. डेंगा डाव्या बाजूला. तीन नंबर समोर बसून डेंगा हलवायचा तो डावीकडेच, हे मला पक्कं आठवत होतं. मी दोन डबे चिखल भरून घेतला, घरी आलो, तो पेटीत पसरला आणि पाचही खेकडे आत सोडले.

नेलपॉलिशच्या बाटल्या मुलगी सोबत घेऊन गेली होती. म्हटलं, ठिपका निघून गेला असं सांगू.

ती आली ती सकाळची. बॅग दारातच टाकून गॅलरीत धावली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. आधी काहीच आवाज नाही. मग एकदम किंचाळली. मी गाळणं हातात घेऊनच धावलो.

"बाबा! कात टाकली याने! ठिपका गेला बघ! आणि नांगी, नांगी बघ!"

"काय झालं नांगीला?"

"बाजू बदलली! याची उजवी मोठी होती, आता डावी आहे!"

मला तेव्हा कळलं. तीन नंबर माझ्याकडे तोंड करून बसायचा. माझी डावी ती त्याची उजवी. शिवडीला मी खेकडा पाठीकडून पाहिला होता.

ती भराभर बोलत होती. मोठा डेंगा तुटला तर कात टाकताना लहान डेंगा मोठा होतो, बाजू बदलते, असं कुठेकुठे लिहिलेलं आहे. पण या जातीत कुणी पाहिलेलं नाही, तिच्या गाइड मॅडमचा तर विश्वासच नाही. "डेंगा तुटलेला दिसला का तुला मध्ये? आणि कात? कात बघितलीस?"

त्या क्षणी 'नाही' म्हटलं असतं तरी गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हणालो, "हो. होती. कचरा समजून टाकून दिली."

"अरे बाबा!" तिने कपाळावर हात मारला, आणि लगेच माझ्या खांद्याला मिठी मारली. "असू दे. तू बघितलीस ना, ते महत्त्वाचं."

दुपारी तिची वही टेबलावर उघडी होती. तीन नंबरच्या पानावर तिने तारीख घालून लिहिलं होतं: कात टाकली, बाजू बदलली. खाली, निरीक्षण करणाऱ्याच्या रकान्यात, माझं नाव. त्याच्यापुढे कंसात 'वडील, अनुभवी लॅब टेक्निशियन'. मी वही मिटून ठेवली. नंतर परत उघडली, कारण तिने उघडी ठेवली होती.

गुरुवारी मॅडमना दाखवायचं होतं. मधले दोन दिवस ती फोनवर ज्याला त्याला सांगत होती. बायकोने भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही सांगताय की मी सांगू?" मी म्हटलं, "जरा थांब." "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. तिने सांगितलं नाही. मला वाटतं, तिने ते मुद्दामच माझ्यावर सोडलं.

गुरुवारी सकाळी मुलगी तयार झाली. चिखल घातलेल्या डब्यात तिने तो खेकडा ठेवला, झाकणाला भोकं पाडली. दारात वाकून ती सँडलचा पट्टा लावत होती. तिच्या मॅडम तिच्यावर हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे विश्वास ठेवतील आणि मग पुढे कुणीतरी ते खोटं पकडेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"तो तीन नंबर नाही," मी म्हणालो.

ती तशीच वाकलेली राहिली. मग मी सगळं सांगितलं. वास, पूजा, फिनेल, शिवडी, कोळीण. शुक्रवारचा फोटोसुद्धा. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, डब्याच्या झाकणाकडे बघत होतो.

ती उठून आत आली आणि खुर्चीवर बसली. रडेल, ओरडेल असं वाटलं. तिने शांतपणे एकेक विचारायला सुरुवात केली.

"उचललास तेव्हा जड होता?"

"नाही. एकदम हलका."

"त्याला स्वतःला वास येत होता? चिखलाचा नाही, त्याचा."

मी आठवलं. चिमट्याने उचलून मी तो नाकाजवळ नेला होता. "नाही."

"डोळे?"

"पांढुरके. आरपार दिसत होतं."

"पाठीमागे, शेपटाकडे फट होती?"

होती. मला वाटलं होतं माझ्या चिमट्याने पडली. मी मान हलवली.

तिने वाकून सँडलचा पट्टा परत सोडला. मग म्हणाली, "बाबा, ती कात होती. अख्खी निघते, पाय, डोळे, डेंगा, सगळं. ठिपकासुद्धा तिच्यावरच राहतो. तो मेलेला नव्हता."

"मग तो कुठे होता?"

उत्तर मला माहीत होतं. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, बिळात खोल जाऊन बसतात, असं तिनेच मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं आणि मी हूं हूं केलं होतं. तो चिखलात होता. बादलीत होता. वरून मी फिनेल ओतलं आणि तासभर पेपर वाचत बसलो.

आतून बायको बाहेर आली आणि मुलीच्या मागे उभी राहिली, माझ्या नाही.

"कातेबद्दल मी कागदावर लिहायला हवं होतं," मुलगी म्हणाली. "इतक्यात टाकेल असं वाटलं नाही मला." तिने बॅगेतून वही काढली, ते पान उघडलं आणि आपल्या ओळींवर एक आडवी रेघ मारली. खाडाखोड नाही, फक्त एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: तीन नंबर मृत. कारण: सांभाळणाऱ्याला सूचना अपुऱ्या.

"असं लिहू नकोस," मी म्हणालो. "सूचना पुऱ्या होत्या. चिखलाला हात लावू नको म्हणून बजावलं होतंस तू. लिही, वडिलांनी ऐकलं नाही. लिही, वडील खोटं बोलले."

तिने पेनाचं टोपण लावलं.

"ऐकलं नाही, ते लिहिते," ती म्हणाली. "पण खोटं बोलल्याने खेकडा मेला नाही ना. तो आधीच मेला होता." मग डब्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "ते कुठे लिहायचं, ते मला कळत नाहीये, अहो."